पोच मिळाली, नोंद नाही: व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कमागचे थर पुन्हा रचताना

१२ डिसेंबर २०२३, मंगळवार. दुपारचे सव्वातीन. कापसाचा हंगाम ऐन भरात, आणि एका जिनिंगच्या मुनीमकाकांचा फोन.

"म्याडम, लाईट गेलती. आता आली. पन सकाळपासनं एक्केचाळीस गाड्या काट्यावर चढल्या, त्यातली एकबी कॉम्प्युटरात दिसंना. पावत्या शेतकऱ्यांच्या हातात हायेत बरं का. आपनच छापून दिल्यात."

मी नेहमीचे प्रश्न विचारले. प्रोग्राम उघडतोय का? उघडत होता. एरर येतेय का? नाही. कालची शेवटची पावती आहे का? होती, अगदी नीट. डेटाबेस फाटला असता, किंचाळला असता, तर मला बरं वाटलं असतं. तो शहाण्यासारखा उघडला होता आणि त्याच्या लेखी आजचा दिवस उजाडलाच नव्हता.

त्या फोनपासून काम संपेपर्यंत तेरा महिने गेले. सुरू करताना विचारायला जवळपास कुणी नव्हतं, म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवते. विषय नवा असेल आणि मध्येच कंटाळा आला तर खुशाल पानं गाळा, पण वायर उपटण्याच्या भागाशी नक्की थांबा.

आधी आमचा धंदा सांगते. मी परभणीत घरून काम करते, कंपनीचं ऑफिस छत्रपती संभाजीनगरला आहे. आम्ही एक पेटी विकतो. आत साधा पीसी, त्यावर लिनक्स, आणि केव्हीएम या लिनक्सच्या सोयीच्या आधारानं दोन-तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे त्याच पीसीच्या आत चालणारे आभासी कॉम्प्युटर. एकात वजनकाटा, एकात हिशेबाचं पॅकेज, एकात कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग. केव्हीएम २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, आहे, त्यामुळे प्रोसेसरचं अवघड काम फुकटात होतं. पण मशीनला डिस्क दिसली पाहिजे, ती खोटी डिस्क कुणीतरी उभी केली पाहिजे. ते काम आमच्या स्वतःच्या छोट्या प्रोग्रामचं. हेच काम करणारं तयार क्यूईएमयू सरळ का नाही वापरलं, यावर ऑफिसात अजून भांडण होतं, ते इथं नको.

१३ तारखेला जिनिंगवाल्यांनी डिस्कची फाईल पाठवली. रोज रात्री दोनला आम्ही मूळ डिस्क गोठवायचो आणि दिवसभराचे बदल एका वेगळ्या फाईलमध्ये घ्यायचो. ६४ किलोबाइटचे तुकडे, आणि कुठला तुकडा फाईलमध्ये कुठं आहे हे सांगणारा एक तक्ता. क्यूकाउ-२ नावाच्या प्रसिद्ध फॉरमॅटमध्ये असंच असतं, आम्ही त्याचीच सोपी नक्कल केली होती. त्या दिवसाची फाईल भरली ३९० एमबी. म्हणजे डेटा आला होता! फाईलमधले कच्चे बाइट दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये उघडून शोधलं, तर गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ क्विंटल, सगळं दिसत होतं. तक्ता मात्र कोरा. सगळे शून्य. माल गोदामात, वहीत नोंद नाही.

कारण सापडायला संध्याकाळ झाली. तक्ता आम्ही मेमरीत ठेवत होतो आणि फ्लश, म्हणजे "आतापर्यंतचं सगळं डिस्कवर पक्कं कर" ही मागणी, आला की डिस्कवर लिहायचा असं ठरलेलं होतं. तक्त्याच्या एका ६४ किलोबाइटच्या पानात आठ-आठ बाइटच्या ८१९२ नोंदी मावतात, म्हणजे एक पान ५१२ एमबी डिस्क सांभाळतं. २० जीबीच्या डिस्कला अशी चाळीस पानं, सगळी मिळून अडीच एमबी. मेमरीत आरामात बसतात, जागा कमी पडून बाहेर पडायची वेळच येत नाही. आणि फ्लश? काट्याचा डेटाबेस प्रत्येक पावतीनंतर इमानेइतबारे फ्लश मागत होता. आमच्या कोडमध्ये फ्लशची रिक्वेस्ट आली की काहीही न करता "झालं" असं उत्तर जात होतं. शेजारी कॉमेंट होती: "नंतर बघू".

ओळ कुणाची म्हणून इतिहास काढला. माझीच. एप्रिल २०२२, रात्री पावणेबारा.

वीस महिने हे लपून राहिलं, कारण पेटी नीट बंद केली की तक्ता लिहिला जायचा आणि लाईट गेली तर यूपीएस पेटीला नीट बंद होण्याइतका वेळ द्यायचा. त्या मंगळवारी यूपीएसच्या बॅटरीनं मान टाकली. मुनीमकाकांनी कार्बन कॉपीवरून एक्केचाळीस पावत्या पुन्हा भरल्या, मी फोनवर शेजारी बसल्यासारखी. रात्रीचे साडेनऊ झाले. ते रागावले नाहीत. शेवटी म्हणाले, "पावती छापली म्हंजे झालं, असं आमी समजत व्हतो."

तो बग त्याच रात्री दुरुस्त केला. पण खरं दुखणं वेगळं होतं. डिस्कचा कोड आमच्याकडे तीन ठिकाणी होता: एक साध्या फाईलसाठी, एक या रोजच्या बदलांच्या फाईलसाठी, एक नेटवर्कवरच्या डिस्कसाठी. एकाची कॉपी मारून दुसरा, दुसऱ्याची मारून तिसरा. साध्या फाईलमधला फ्लश मी स्वतःच २०२२ च्या पावसाळ्यात दुरुस्त केला होता. नेटवर्कवाल्यात सहकाऱ्यानं केला. मधला राहिला. तीन प्रती असल्या की एक राहतेच.

४ जानेवारी २०२४ ला सकाळच्या मराठवाडा एक्स्प्रेसनं संभाजीनगरला गेले. डब्यात खंडपीठाच्या तारखेला निघालेले वकील आणि पक्षकार, मांडीवर फायली. माझ्याही मांडीवर एक होती. सरांना सांगितलं, तिन्ही प्रती मोडून एकच रचना करायची, एकावर एक चढवता येतील असे थर करायचे. सरांनी अट घातली: नेहमीची रिलीज थांबायची नाही, आणि सोबत एकच ज्युनिअर मिळेल. मग बदल-विनंतीचा फॉर्म भरायचा होता, कारण आमच्याकडे आयएसओचं ऑडिट असतं. तीन पानं. एक रकाना "बदलामुळे होणारा लाभ (रुपयांत)". मी लिहिलं, "४१ पावत्या". फॉर्म परत आला. दुसऱ्यांदा एक अंदाजाची रक्कम लिहिली, तो मंजूर झाला. मंजुरी यायला एकोणीस दिवस लागले. असं काही काढणार असाल तर फॉर्म आधी टाका आणि वाचन मधल्या दिवसांत करा. मी उलटं केलं आणि जानेवारी फुकट गेला.

फेब्रुवारी वाचनात. गेस्टच्या, म्हणजे आतल्या व्हर्च्युअल मशीनच्या, बाजूनं आम्हाला काही लिहायचं नव्हतं, कारण अशा खोट्या डिस्कशी बोलणारा व्हर्ट-आयओ हा ड्रायव्हर लिनक्समध्ये असतोच. रस्टी रसेल यांनी २००८ मध्ये त्यावर निबंध लिहिला होता आणि पुढं त्याची १.० आवृत्ती ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं प्रसिद्ध केली. कल्पना अशी की गेस्टला कळतं आपण खऱ्या डिस्कशी बोलत नाही, म्हणून खोट्या हार्डवेअरची नाटकं टाळून दोघं सरळ ठरलेल्या पद्धतीनं बोलतात.

ही पद्धत मला कार्यालयातल्या आवक-जावक टेबलामुळे समजली. मेमरीत तीन गोष्टी असतात. एक अर्जांचा गठ्ठा: प्रत्येक नोंद १६ बाइटची, त्यात पत्ता, लांबी, खुणा आणि "पुढचं पान कुठं". दुसरी आवक वही: गेस्ट लिहितो, अमुक अर्ज टाकलाय. तिसरी जावक वही: आम्ही लिहितो, अमुक अर्ज निकाली. एका अर्जात आधी १६ बाइटचं डोकं असतं, त्यात काम कोणतं आणि कुठल्या सेक्टरवर. मग डेटा. शेवटी एकच बाइट रिकामा, त्यात आम्ही शेरा मारायचा: ० म्हणजे झालं, १ म्हणजे बिघाड, २ म्हणजे हे काम इथं होत नाही. सेक्टर ५१२ बाइटचा धरायचा, खालची डिस्क कसलीही असो.

याच वाचनात आमच्या जुन्या कोडमधले आणखी दोन गाढवपणे सापडले. आम्ही धरून चाललो होतो की डोकं नेहमी स्वतंत्र पानावर येतं. जुन्या काळात तसं असायचं, १.० मानकानं ती सक्ती काढून टाकली. दुसरं म्हणजे आम्ही अर्जाचं डोकं गेस्टच्या मेमरीतून दोनदा वाचत होतो, एकदा तपासायला आणि एकदा वापरायला. दोन वाचनांच्या मध्ये गेस्टनं आकडा बदलला तर? चांगला गेस्ट बदलत नाही, पण चांगल्यांसाठी कुणी कुलूप लावत नाही. आता एकदाच उचलून आपल्याकडे कॉपी करतो आणि मूळ कागदाकडे पुन्हा बघत नाही.

मार्चमध्ये पहिली रचना केली आणि ती पडली.

कोड रस्ट या भाषेत आहे. मी सगळ्या थरांसाठी एकच इंटरफेस, म्हणजे प्रत्येक थरानं पुरवायच्या फंक्शनांची यादी, लिहिला आणि त्यात तेवीस फंक्शन झाली. फाईलला जे हवं ते घातलं, नेटवर्कला जे हवं ते घातलं, तक्त्याच्या थराचे चार लाड वेगळे. ज्युनिअर पोरगा तिसऱ्या दिवशी म्हणाला, "ताई, मला नुसता मोजणी करणारा थर लिहायचाय, किती वाचलं आणि किती लिहिलं एवढंच. त्यासाठी तेवीस फंक्शन कामून लिहू?" त्याचं बरोबर होतं. नव्या थराला अंगावर आणखी ओझं मिळत असेल, तर लोक पुन्हा कॉपीच मारणार.

त्याच महिन्यात घरात दुसरं एक प्रकरण चालू होतं. आजोबा गेल्यानंतर शेतावर वारस नोंद करायची होती. ११ मार्चला अण्णांनी अर्ज दिला, शिक्का मारलेली पोच घेतली आणि ती पिशवीत जपून ठेवली. पंधरा दिवसांनी चौकशीला गेले, तर अर्ज टेबलाच्या खणातच. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, तिथवर पोहोचलाच नव्हता. नोंदवहीत चढला की पंधरा दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करणार, मग सातबाऱ्यावर नाव. अण्णा घरी येऊन भाकरीवर पिठलं ओढून घेत म्हणाले, "पोच म्हंजे नोंद न्हवं, हे या वयात कळलं."

मी जेवता जेवता थांबले. आमच्या तेवीस फंक्शनांच्या जंजाळात हाच फरक कुठं लिहिलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी फळ्यावर तीन शब्द लिहिले: घेतलं, लिहिलं, टिकलं. वरच्या थराला खालच्याकडून उत्तर मिळतं तेव्हा या तिघांपैकी कुठलं? नुसत्या "लिही"ला उत्तर आलं तर फक्त "लिहिलं". लाईट गेली तर ते जाऊ शकतं, आणि जाण्याचा त्याला हक्क आहे. "टिकलं" हे उत्तर फक्त फ्लशला. गेस्टनं फ्लशची सोय घेतलीच नसेल, काही जुने घेत नाहीत, तर प्रत्येक लिखाण टिकवल्याशिवाय शेरा मारायचा नाही. आणि एक कडक नियम: आलेला फ्लश कुठल्याही थरानं स्वतःच्या टेबलावर निकाली काढायचा नाही. आपलं आवरायचं, खालच्याकडे पाठवायचा, खालच्याचं उत्तर आल्यावरच वर सांगायचं.

हे वचन पक्कं झाल्यावर इंटरफेस आपोआप आखडला. सहा फंक्शन उरली: वाच, लिही, टिकव, ही जागा आता नको, तुला काय जमतं ते सांग, आणि बंद हो. मोजणीचा थर पोरानं एका दुपारी लिहिला.

थर असे लागले. सगळ्यात वर गेस्टशी बोलणारा भाग: आवक-जावक वह्या, मग अर्जाचं डोकं उलगडणं. हा एकदाच लिहायचा, खाली काय आहे ते त्याला माहीत नसतं. त्याखाली हवे तेवढे पाचर-थर: मोजणीचा, वेग आवरणारा, एन्क्रिप्शनचा. मग लागला तर तक्त्याचा. सगळ्यात तळाला फाईल किंवा नेटवर्क. वरचा भाग सोडला तर सगळ्यांचा आकार एकच, म्हणून कुणावरही कुणीही चढतो. ही कल्पना माझी नाही. क्यूईएमयूच्या आत फॉरमॅटचे ड्रायव्हर, तळाचे ड्रायव्हर आणि मधले फिल्टर अशी विभागणी कधीची आहे. मुद्दाम चुका घडवून आणणारा ब्लॉक-डीबग नावाचा फिल्टरसुद्धा आहे त्यात. वाचून खूप शिकले, आणि इतकं वाचल्यावरही तेवीस फंक्शन लिहिली होती हे विसरत नाही.

"तुला काय जमतं" हे वाटतं तितकं सोपं नाही. आधी आम्ही वरपासून खालपर्यंत सगळ्यांना जे जमतं तेवढंच गेस्टला सांगायचो. पण तक्त्याच्या थराला "हा भाग शून्य कर" हे काम तळाच्या मदतीशिवाय जमतं, तक्त्यात खूण केली की झालं. म्हणजे प्रत्येक थरानं खालच्याची क्षमता बघून स्वतःची ठरवायची आणि वर सांगायची.

मे महिना. परभणीचा मे सांगायला नको, दुपारी मशीन स्वतःच दम खात होतं. टेस्टसाठी जुना डेस्कटॉप घेतला, १८,५०० रुपये. एसएसडी ५,२००. आणि ६,८०० ची एक जुनी सर्व्हरमधली डिस्क, जिचा सेक्टर खरोखर ४०९६ बाइटचा होता. तिच्यासाठीच सगळा खटाटोप होता. आम्ही फाईल ओ-डायरेक्ट लावून उघडत होतो, म्हणजे लिनक्सची मधली कॅश, मेमरीतली तात्पुरती साठवण, टाळून. त्यात सुरुवातीची जागा, लांबी आणि मेमरीतला पत्ता, तिन्ही डिस्कच्या सेक्टरला जुळावे लागतात. आमच्या कोडला ५१२ ची सवय. गेस्टनं ५१२ बाइट लिहायला मागितले की नव्या डिस्कवरून चुकीच्या आर्ग्युमेंटची एरर. पहिल्यांदा वाटलं, फाईलच्या थरातच दुरुस्ती घालावी. मग थांबलो आणि जुळवणीचा थरच वेगळा केला: ४०९६ वाचायचे, त्यातले ५१२ बदलायचे, ४०९६ परत लिहायचे, आणि तेवढ्यात त्याच तुकड्यावर दुसऱ्या लिखाणाला थांबवून ठेवायचं. हे शेवटचं वाक्य आम्ही आठ दिवसांनी शिकलो. शेजारशेजारचे दोन सेक्टर एकाच वेळी लिहिले की एक गायब होत होता.

खर्चाची एक गोष्ट: त्या ४०९६ वाल्या डिस्कचं बिल कंपनीच्या जीएसटी नंबरवर नव्हतं. दुकानदार म्हणाला, जुन्या मालाचं असंच असतं. बाकी पैसे कंपनीनं सात आठवड्यांनी दिले, ६,८०० माझ्या खिशातून गेले. बिल आधी, माल नंतर.

जून-जुलैमध्ये वायर उपटली.

आधी एक थर लिहिला होता, त्याचं नाव विसरभोळा. तो तळाला बसतो आणि सगळं लिखाण मेमरीत घेतो. "लाईट गेली" असं सांगितलं की शेवटच्या फ्लशनंतरचं जे जे आहे त्यातलं काही ठेवतो, काही टाकतो, चिठ्ठ्या टाकून. प्रत्येक नवा थर विसरभोळ्यावर चढवून हजारो वेळा लाईट घालवायची. पहिल्याच रात्री त्यानं आमच्या दुरुस्त केलेल्या तक्त्यात दुसरा बग काढला. फ्लश आल्यावर आम्ही डेटा आणि तक्ता दोन्ही एकदम खाली पाठवत होतो आणि मग एकच फ्लश करत होतो. मध्येच लाईट गेली की तक्त्यातली नोंद टिकायची आणि ती ज्या जागेकडे बोट दाखवते तिथला डेटा नसायचा. शेत दुसऱ्याच्या ताब्यात आणि सातबाऱ्यावर आपलं नाव, हे तर आधीच्यापेक्षा वाईट. आता क्रम असा: डेटा, फ्लश, तक्ता, पुन्हा फ्लश.

विसरभोळा वरचे थर तपासतो, सगळ्यात तळाचा खरा फाईलचा थर नाही. त्यासाठी खरी लाईट घालवावी लागते. इथं आम्ही दोन दिवस वाया घालवले, ते तुम्ही घालवू नका. प्रोग्रामला जबरदस्तीनं मारून टाकलं तर लिनक्सच्या कॅशमध्ये गेलेलं लिखाण जात नाही, कर्नल जिवंत असतं आणि ते सावकाश डिस्कवर पोचवतं. मेमरीतला तक्ता गमावण्यासारखे बग त्यातून दिसतात, फ्लश खालपर्यंत न पोचण्याचे दिसत नाहीत. डेस्कटॉप ३५० रुपयांच्या बटणवाल्या बोर्डावर लावला. गेस्टमधला छोटा प्रोग्राम ४ केबीच्या प्रत्येक तुकड्यात वाढता क्रमांक लिहायचा, फ्लश मागायचा, आणि उत्तर आल्यावरच तो क्रमांक ६५० रुपयांच्या सिरियल केबलवरून माझ्या लॅपटॉपला पाठवायचा. हिशेब दुसऱ्या मशीनवर हवा, नाहीतर ज्याच्यावर संशय आहे त्यालाच साक्षीदार केल्यासारखं होतं. लॅपटॉपवर जो शेवटचा क्रमांक दिसतो तो आणि त्याआधीचे सगळे पुढच्या वेळी डिस्कवर सापडलेच पाहिजेत. त्याच्यापुढचे सापडले तर नफा.

बटण बंद, दहापर्यंत मोजायचं, चालू, तपासणी. दिवसाला वीसएक वेळा. आईला वाटायचं मशीन खराब झालंय. परभणीची लाईट स्वतःहूनही जायची, ते प्रयोग आम्ही वेगळ्या रकान्यात धरले. तिथं इन्व्हर्टर लावायचा नाही एवढीच शिस्त. ४७ व्या वेळी एक क्रमांक कमी आला. कारण आमचं होतं: फाईलची लांबी वाढल्यावर एका वाटेनं फ्लश न करताच उत्तर जात होतं. त्यानंतरच्या १२० वेळा स्वच्छ गेल्या, तेव्हा थांबलो.

फ्लशच अयशस्वी झाला तर काय, हा प्रश्न सगळ्यात उशिरा सुचला. डिस्क बिघडते, एफसिंक, म्हणजे लिनक्सकडे फ्लश मागायचा कॉल, एरर देतं, आपण पुन्हा मागतो, आणि दुसऱ्यांदा ते "झालं" म्हणतं. २०१८ मध्ये पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसच्या मंडळींनी यावर मोठी चर्चा घडवली होती. लिनक्स एरर एकदा कळवून ती पानं लिहिली गेल्यासारखी धरू शकतं, मग दुसऱ्या "झालं"ला अर्थ राहत नाही. आमचा फाईलचा थर आता एक फ्लश चुकला की कायमचा रुसतो. पुढच्या प्रत्येक लिखाणाला बिघाडाचा शेरा. सरांना हे फार कडक वाटलं. वाटू दे.

ऑगस्टमध्ये वेगळीच तक्रार. फ्लश खरोखर होऊ लागल्यावर अर्थातच पेटी हळू वाटायला लागली, पावती छापायला लागणारा वेळ जाणवायला लागला. "आधी बरं होतं" हे वाक्य मी चार गिऱ्हाइकांकडून ऐकलं. आधी बरं नव्हतं, आधी खोटं होतं, पण हे गिऱ्हाइकाला कसं सांगणार? एक फ्लश चालू असताना आलेले पुढचे फ्लश एकत्र करून एकदाच खाली पाठवले, त्यानं बरंच सुधारलं. थरांमुळे वेग जाईल ही सगळ्यांची भीती होती, तो फरक मोजायला गेल्यावर सापडलासुद्धा नाही. एका फ्लशपुढे सहा फंक्शन कॉल म्हणजे काहीच नव्हे.

सप्टेंबरच्या सुरुवातीला पोळ्याच्या सुमारास पावसानं मराठवाड्याला झोडपलं. आमचं नेट तीन दिवस बंद. रिव्ह्यू फोनवर झाला, पोरगा ओळ वाचून दाखवायचा, मी "हं" म्हणायची. वाईट पद्धत नाही ती. जी ओळ तोंडानं सांगता येईना ती आम्ही बदलली. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आले, सुट्टी वाया गेली म्हणून ऑफिसात सगळे हळहळले. २३ तारखेला तिन्ही जुन्या प्रतींपैकी दोन काढून टाकल्या. तीन हजारांवर ओळी गेल्या. मला आनंद होईल असं वाटलं होतं, पोटात गोळा आला.

मग परवानगीचं शेपूट. तक्ता, जुळवणी, विसरभोळा हे थर दुसऱ्यांनाही उपयोगी पडतील, ते खुले करू या, असं मी ऑक्टोबरमध्ये लेखी मागितलं. कुठली फाईल कुणी लिहिली त्याची यादी, वापरलेल्या प्रत्येक लायब्ररीचा परवाना, नोकरीच्या करारातलं कलम, एका गिऱ्हाइकाची ना-हरकत, आणि पाचशेच्या स्टॅम्पवर माझं आणि पोराचं प्रतिज्ञापत्र, नोटरीसकट. अकरा आठवडे गेले. ईमेलला "मिळाला" असं उत्तर पहिल्याच दिवशी आलं होतं. यादी करायची वेळ येणारच आहे हे धरून, दुसरीकडून उचललेली प्रत्येक ओळ उचलतानाच टिपून ठेवा. आम्हाला मागं जाऊन शोधताना नऊ दिवस लागले. परवानगी १० जानेवारी २०२५ ला आली, दोन थरांसाठी. जुळवणीचा थर अजून अडकलाय.

नेटवर्कवरची डिस्क अजून जुन्याच प्रतीवर चालते. तिथं मध्येच कनेक्शन तुटलं तर "लिहिलं" की "नाही लिहिलं" हेच कळत नाही, आणि आमच्या सहा फंक्शनांत त्याला जागा सापडलेली नाही. बहुतेक सातवं लागेल. पोरगा नको म्हणतोय.

मुनीमकाकांचा यंदाच्या हंगामात एकदा फोन आला, प्रिंटरची रिबन कुठं मिळेल विचारायला. लाईट दोनदा गेली होती असं बोलता बोलता म्हणाले.

अण्णांचा फेरफार प्रमाणित झाला. सातबारा हातात आला तो अण्णांच्या नावात एक अक्षर चुकून. आता जमीन महसूल कायद्याच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज दिलाय. पोच आहे.